ऐकणाऱ्याचेही कुणी ऐकायला हवे

शिकाऊ समाजकार्यकर्ते आणि समुपदेशक यांच्यासाठी ‘पर्यवेक्षण’ ही औपचारिकता नाही. त्यांच्यासमोर बसणाऱ्या माणसाची सुरक्षितता त्यावर अवलंबून असते. सातारा-सांगलीसारख्या, सगळे सगळ्यांना ओळखतात अशा जिल्ह्यांत तर ते अधिकच गरजेचे आहे.

‘पर्यवेक्षक’ म्हटले की आपल्याला परीक्षेच्या वर्गात बाकांमधून फेऱ्या मारणारे गुरुजी आठवतात. ‘सुपरवायझर’ म्हटले की साखर कारखान्यात किंवा एमआयडीसीत हजेरी घेणारा माणूस. दोन्हींत भाव एकच, काम करणाऱ्यावर नजर ठेवण्याचा. समाजकार्य, समुपदेशन आणि मानसोपचार या क्षेत्रांत मात्र या शब्दाचा अर्थ वेगळा आहे. दुसऱ्याचे दुःख ऐकण्याचे काम शिकणारी व्यक्ती आपल्या कामाविषयी अनुभवी व्यक्तीशी ठरलेल्या वेळी, नियमितपणे आणि मोकळेपणाने बोलते, त्याला पर्यवेक्षण म्हणतात. तिथे नजर ठेवण्याचाही भाग असतो, पण तो सगळ्यात छोटा.

शिवाजी विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात, म्हणजे सातारा, सांगली आणि कोल्हापूर जिल्ह्यांत, समाजकार्याचे पदव्युत्तर शिक्षण घेणारी मुले-मुली आठवड्यातून साधारण दोन दिवस ‘क्षेत्रकार्या’ला जातात. कुणी सरकारी रुग्णालयात, कुणी व्यसनमुक्ती केंद्रात, कुणी शाळेत, तर कुणी महिलांसाठीच्या मदत कक्षात. बहुतेकांचे वय बाविशीच्या आसपास असते. समोर येतात ती मात्र पन्नाशीतली माणसे, मोडलेले संसार, मारहाण, कर्ज, आजार. ही मुले जे ऐकतात, त्याचा अहवाल लिहून महाविद्यालयातील पर्यवेक्षक शिक्षकांना देतात आणि मग त्यावर चर्चा होते. विद्यार्थ्यांच्या भाषेत एकट्याने केलेली चर्चा म्हणजे ‘आयसी’ आणि गटाने केलेली ‘जीसी’. वेळापत्रकातला हा एक छोटासा तास. त्यात नेमके काय घडते, यावर बरेच काही ठरते.

अहवालातली एक ओळ

एक काल्पनिक, पण या क्षेत्रातल्या कुणालाही ओळखीचे वाटेल असे उदाहरण घेऊ. जत तालुक्यातून आलेली एक विद्यार्थिनी साताऱ्यातल्या व्यसनमुक्ती केंद्रात क्षेत्रकार्य करते आहे. पंधरा वर्षे दारू पिणाऱ्या एका रुग्णाची पत्नी माण तालुक्यातल्या गावाहून भेटायला येते. बोलता बोलता ती म्हणते, “पोरं एकदा हाताला आली की माझं काम संपलं बघा.” विद्यार्थिनी तिला पाणी देते, पाठीवर हात ठेवते. अहवालात लिहिते, ‘रुग्णाच्या पत्नीस मानसिक आधार दिला.’

घाईत असलेला पर्यवेक्षक या ओळीवर बरोबरची खूण करून पुढे जाईल. जाणता पर्यवेक्षक तिथेच थांबेल.

“आधार दिला म्हणजे नेमकं काय केलंस?”

“म्हटलं, मावशी, सगळं ठीक होईल.”

“त्या आधी काय म्हणाल्या होत्या? त्यांच्याच शब्दांत सांग.”

विद्यार्थिनी ते वाक्य सांगते. पर्यवेक्षक विचारतात, “‘काम संपलं’ म्हणाल्यावर तू काय विचारलंस?”

“काहीच नाही, मॅडम. विषय बदलला. भीती वाटली. विचारलं तर नको ते मीच त्यांच्या डोक्यात घालीन, असं वाटलं.”

‘आधार दिला’ या दोन शब्दांखाली काय दडले होते, ते इथे उघड होते. त्या बाईच्या मनात कदाचित फक्त थकवा असेल. कदाचित जीव देण्याचा विचारही असेल. न विचारता ते कळणार नाही. आत्महत्येविषयी थेट, शांतपणे विचारल्याने तो विचार मनात रुजतो, ही समजूत सर्वत्र आढळते, पण संशोधनाने तिला दुजोरा दिलेला नाही. उलट कुणीतरी स्पष्ट विचारले, याचाच अनेकांना आधार वाटतो.

मग पर्यवेक्षक आणि विद्यार्थिनी तो प्रश्न मोठ्याने म्हणून पाहतात. “कधी जीव नकोसा होऊन स्वतःला संपवावं असं मनात येतं का?” पहिल्या दोन वेळा विद्यार्थिनीचा आवाज अडखळतो. तिसऱ्यांदा जमतो. होकार आला तर पुढे काय विचारायचे, त्या व्यक्तीला एकटे न सोडता कुणाला बोलवायचे, शेतीची औषधे घरात कुलपात ठेवायला कुणाला सांगायचे, मानसोपचारतज्ज्ञाकडे त्याच दिवशी कसे पोहोचवायचे, हे सगळे ठरते. हे संभाषण पुढच्या आठवड्याच्या भेटीपर्यंत थांबत नाही. पर्यवेक्षक तिथूनच केंद्रातल्या वरिष्ठांना फोन लावतात आणि त्या बाईंशी आजच कुणी बोलेल, याची खात्री करून घेतात.

व्याख्यानात ‘आत्महत्येची जोखीम’ हा धडा या मुलीने ऐकलेला होता. परीक्षेत त्यावर तिने उत्तरही लिहिले असते. पण माहिती असणे आणि समोरच्या माणसाच्या डोळ्यांत पाहून विचारता येणे यात अंतर आहे. ते अंतर पर्यवेक्षणात कापले जाते.

प्रथा कुठून आली?

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला युरोपातील मनोविश्लेषणाच्या चळवळीत या पद्धतीला शिस्त आली. १९२० मध्ये बर्लिनमध्ये सुरू झालेल्या दवाखान्याभोवती प्रशिक्षणाची जी चौकट तयार झाली, तिच्यात अभ्यास आणि स्वतःचे विश्लेषण यांच्या जोडीला अनुभवी विश्लेषकाच्या देखरेखीखाली रुग्णांवर उपचार करणे ही अट होती. १९५० च्या दशकात लंडनमध्ये मायकेल बालिंट यांनी मानसोपचाराशी संबंध नसलेल्या साध्या फॅमिली डॉक्टरांचे गट सुरू केले. डॉक्टर आपल्याला छळणाऱ्या, चिडवणाऱ्या किंवा झोप उडवणाऱ्या रुग्णांविषयी गटात बोलत. असे ‘बालिंट गट’ आजही अनेक देशांत चालतात.

भारतात समाजकार्याचे व्यावसायिक शिक्षण १९३६ मध्ये मुंबईत सुरू झाले. क्लिफर्ड मॅन्शार्ट यांच्या पुढाकाराने निघालेली सर दोराबजी टाटा यांच्या नावाची ती संस्था पुढे १९४४ मध्ये टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस झाली. वस्तीत, रुग्णालयात प्रत्यक्ष जाऊन शिकायचे आणि त्यावर शिक्षकांशी बोलायचे, ही रीत या शिक्षणाबरोबर राज्यभर पसरली. याच संस्थेच्या पुढाकाराने १९८४ मध्ये मुंबई पोलिसांच्या आवारात अत्याचारग्रस्त महिला व बालकांसाठी विशेष कक्ष सुरू झाला. तिथे प्रशिक्षित समाजकार्यकर्त्या बसू लागल्या. पुढे राज्य शासनाने हा प्रयोग स्वीकारून इतर जिल्ह्यांतही नेला.

तीन कामे

अमेरिकेतील समाजकार्याचे अभ्यासक आल्फ्रेड कदुशिन यांनी १९७६ मध्ये पर्यवेक्षणाची तीन कामे सांगितली. पहिले प्रशासकीय: काम नियमाने, वेळेवर होते आहे ना, नोंदी नीट आहेत ना. दुसरे शिक्षणाचे: कौशल्य वाढते आहे ना. तिसरे आधाराचे: काम करणारा माणूस स्वतः उभा आहे ना. घराघरांतल्या तिवईसारखे हे आहे. एक पाय आखूड असला की वरचे भांडे कलंडते.

आपल्याकडे पहिला पाय बहुधा मजबूत असतो. हजेरीवही, तास, अहवालांची संख्या, सह्या यांकडे लक्ष असते. दुसरा पाय शिक्षकागणिक बदलतो. तिसरा मात्र पुष्कळदा विसरला जातो.

तिसऱ्याचे महत्त्व या दोन जिल्ह्यांनी अलीकडच्या काळात पाहिले आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचे पाणी सांगली शहरात शिरले आणि ब्रह्मनाळला बचावकार्यातली बोट उलटून माणसे बुडाली. जुलै २०२१ मध्ये पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथे दरडी कोसळल्या. अशा वेळी मदतीला धावणाऱ्या स्थानिक कार्यकर्त्याच्या स्वतःच्या घरातही चिखल असू शकतो. ज्याचे घर गेले त्याचे ऐकायचे आणि संध्याकाळी आपलेही घर उपसायचे. इतरांचे आघात सतत ऐकल्याने ऐकणाऱ्याची झोप उडणे, चिडचिड वाढणे, ऐकलेली दृश्ये डोळ्यांपुढे येणे याला ‘दुय्यम आघात’ म्हणतात. त्याचा अर्थ मनाने दुबळे असणे असा नाही. बोलायला जागा नसेल तर कार्यकर्ता दोन वाटांनी जातो. काही जण काम सोडतात. काही जण काम करत राहतात, पण मन बंद करून. दुसरी वाट समोरच्या माणसासाठी अधिक घातक असते.

सगळ्यात महत्त्वाचे तेच सांगितले जात नाही

पर्यवेक्षणाची खरी अडचण वेगळीच आहे. ज्यावर बोलायला हवे, तेच शिकणारे लपवतात. अमेरिकेत १९९६ मध्ये निकोलस लादानी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शंभराहून अधिक शिकाऊ मानसोपचारकांना विचारले, की पर्यवेक्षकापासून तुम्ही काही दडवता का. सुमारे ९७ टक्के जणांनी हो म्हटले. दडवलेल्या गोष्टींत पर्यवेक्षकाविषयीची नाराजी होती, स्वतःच्या खासगी अडचणी होत्या आणि उपचारात झालेल्या चुकाही होत्या.

आपल्याकडे याला आणखी दोन कुलपे लागतात. एक म्हणजे गुरूपुढे चूक कबूल करणे म्हणजे कमीपणा, हा संस्कार. दुसरे म्हणजे गुण. क्षेत्रकार्याचे गुण देणारा आणि मन मोकळे करायचा माणूस बहुधा एकच असतो. ‘मी त्या बाईवर चिडले’ किंवा ‘त्या माणसात मला माझे वडील दिसले आणि मी त्याच्याशी नीट बोलूच शकले नाही’, हे गुण देणाऱ्यासमोर कोण म्हणेल? मग अहवाल गुळगुळीत होतात. सगळीकडे ‘चर्चा केली’, ‘मार्गदर्शन केले’, ‘आधार दिला’.

यावर उपाय आहे आणि त्याला पैसे लागत नाहीत. गुण कशासाठी आहेत, हे पर्यवेक्षकाने पहिल्याच दिवशी स्पष्ट करायचे. चूक झाली म्हणून गुण जाणार नाहीत, चूक दडवली तर जातील. शक्य तिथे गुण देणारा आणि आधार देणारा यांची कामे दोघांत वाटायची. अहवालात निष्कर्ष लिहून घेण्याऐवजी पाच मिनिटांचा संवाद जसाच्या तसा लिहून आणायला सांगायचा. कोण काय म्हणाले आणि त्या क्षणी मनात काय आले, हे शेजारी शेजारी लिहिले की लपवणे अवघड होते आणि शिकणे सोपे.

एक मर्यादा मात्र पाळावी लागते. विद्यार्थिनीच्या घरातही दारूचा प्रश्न असेल तर पर्यवेक्षकाने तो ओळखावा, त्याचा कामावर होणारा परिणाम बोलून दाखवावा आणि तिला स्वतःसाठी स्वतंत्र मदत घ्यायला सुचवावे. तिचा उपचारक स्वतः होऊ नये.

एसटीत भेटलेला रुग्ण

मोठ्या शहरात लिहिलेली पाठ्यपुस्तके गृहीत धरतात, की समुपदेशक आणि त्याच्याकडे येणारा माणूस खोलीबाहेर एकमेकांना भेटणार नाहीत. साताऱ्यात ते दोघे संध्याकाळी एकाच एसटीत बसतात. विट्याच्या बाजारात समोरासमोर येतात. कधी दूरचे नातेही निघते.

त्यामुळे इथल्या पर्यवेक्षणात पुस्तकात नसलेले प्रश्न येतात. एसटीत रुग्ण दिसला तर काय करायचे? आपण होऊन ओळख दाखवायची नाही. त्याने दाखवली तर साधे दोन शब्द बोलायचे. केंद्राचा विषय काढायचा नाही. हे रुग्णाला पहिल्याच भेटीत सांगून ठेवायचे, म्हणजे त्याला अपमान वाटत नाही. बरे वाटले म्हणून कुणी कंदी पेढ्यांचा पुडा, आटपाडीची डाळिंबे किंवा घरची हळद आणली तर? सरसकट नाकारले तर मन दुखावते, सरसकट घेतले तर नाते बदलते. कुणी, कधी, का आणले, हे पाहून पर्यवेक्षकाशी बोलून ठरवायचे.

गोपनीयतेचेही तसेच. गटचर्चेत नाव बदलले की झाले, असे विद्यार्थ्यांना वाटते. पण ‘वाईजवळच्या एका गावातल्या माजी सरपंचाची धाकटी सून’ एवढे म्हटले तरी वर्गातले दोघे-तिघे कान टवकारतात. म्हणून नावाबरोबर गाव, पद, नाते हेही बदलावे लागते. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ ने मानसिक आजार असलेल्या व्यक्तीला उपचाराबाबत गोपनीयतेचा हक्क दिला आहे.

काही गोष्टी मात्र गुपित ठेवताच येत नाहीत. शाळेतल्या मुलीने ‘कुणाला सांगू नका’ म्हणत लैंगिक अत्याचाराची हकिकत सांगितली, तर पोक्सो कायदा, २०१२ नुसार ती पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. बाविशीतल्या विद्यार्थ्याने हा भार एकट्याने पेलायचा नसतो. मुलीला काय आणि कसे सांगायचे, पोलिसांकडे कुणासोबत जायचे, नंतर तिच्यावर घरातून दबाव आला तर काय करायचे, हे पर्यवेक्षकाने त्याच दिवशी सोबत उभे राहून करायचे असते. ‘मी सगळे गुप्त ठेवीन’ असे सरसकट वचन पहिल्या भेटीत देऊ नये, हेही तिथेच शिकायचे.

उपयोग होतो का?

पर्यवेक्षणाचा फायदा शिकणाऱ्याला होतो हे मान्य, पण रुग्णाला होतो का? यावरचे संशोधन वाटते तितके मुबलक नाही. ऑस्ट्रेलियात २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मॅथ्यू बॅम्बलिंग आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात नैराश्याच्या १२७ रुग्णांना आठ भेटींचे उपचार देण्यात आले. कुणाच्या वाट्याला पर्यवेक्षण मिळणारा उपचारक येईल आणि कुणाच्या वाट्याला न मिळणारा, हे चिठ्ठ्या टाकल्यासारखे ठरले. पर्यवेक्षण मिळालेल्या उपचारकांच्या रुग्णांची लक्षणे अधिक कमी झाली आणि उपचार अर्धवट सोडण्याचे प्रमाणही कमी राहिले. एका अभ्यासावर सगळी इमारत उभी करता येत नाही, पण दिशा स्पष्ट आहे.

आपल्याला अधिक जवळचे उदाहरण गोव्याचे. ‘संगाथ’ या संस्थेने तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत, मानसोपचाराची कोणतीही पदवी नसलेल्या स्थानिक माणसांना समुपदेशक म्हणून तयार केले. त्यांनी सहा ते आठ भेटींत दिलेल्या नैराश्यावरील उपचाराचे निष्कर्ष ‘द लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. अभ्यासात ४९५ जण होते. तीन महिन्यांनंतर समुपदेशन मिळालेल्यांपैकी ६४ टक्के नैराश्यातून बाहेर आले होते, तर फक्त नेहमीची सेवा मिळालेल्यांपैकी ३९ टक्के.

या यशामागे प्रशिक्षणाइतकीच पर्यवेक्षणाची पद्धत होती. रुग्णाच्या संमतीने भेटी ध्वनिमुद्रित केल्या जात. समुपदेशक गटाने बसून एकमेकांच्या मुद्रित भेटी ऐकत, ठरलेल्या तक्त्यावर गुण देत आणि काय चांगले झाले, काय राहिले, ते बोलत. सुरुवातीला तज्ज्ञ हा गट चालवत. पुढे समुपदेशकच तो चालवू लागले. तज्ज्ञ थोडे आणि अंतरे मोठी असलेल्या जिल्ह्यांसाठी यात धडा आहे. जत, आटपाडी, खटाव किंवा पाटणला दर आठवड्याला तज्ज्ञ पोहोचणार नाही. पण चार कार्यकर्ते तालुक्याच्या गावी महिन्यातून दोनदा बसू शकतात आणि साताऱ्यातला किंवा मिरजेतला तज्ज्ञ फोनवरून सामील होऊ शकतो.

एकमेकांच्या आधाराने काम करण्याची परंपरा या मातीत आहेच. १९९२ पासून सांगलीत काम करणाऱ्या ‘संग्राम’ने एचआयव्हीच्या कठीण काळात देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांनाच एकमेकींच्या आरोग्यशिक्षक बनवले. साताऱ्यात ‘परिवर्तन’ व्यसनमुक्तीबरोबर मानसिक आरोग्याचेही काम करते. असा गट वेळ ठरवून, नियम पाळून बसला, की तेच पर्यवेक्षण होते.

आपण काय विचारावे?

२०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार मानसिक आजार असलेल्यांपैकी ८० टक्क्यांहून अधिक लोकांपर्यंत उपचार पोहोचत नव्हते. ही दरी फक्त मानसोपचारतज्ज्ञ भरून काढू शकणार नाहीत. समाजकार्यकर्ते आणि समुपदेशक लागणारच. संबंधित आरोग्य व्यवसायांसाठी २०२१ मध्ये झालेल्या राष्ट्रीय आयोगाच्या कायद्यात वैद्यकीय आणि मानसोपचार समाजकार्यकर्त्यांचा समावेश आहे. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे होते. नोंदणी म्हणजे किमान पात्रतेची खात्री. काम रोज कसे होते, ते नोंदणीच्या कागदावर दिसत नाही.

म्हणून समुपदेशनाला जाणाऱ्या व्यक्तीने किंवा तिच्या घरच्यांनी तीन साधे प्रश्न विचारायला हरकत नाही. तुमचे शिक्षण कशात झाले आहे? अवघड वेळी तुम्ही कुणाचा सल्ला घेता? माझी माहिती त्यांना सांगितलीत तर माझी ओळख कशी लपवाल? समोरची व्यक्ती विद्यार्थी असेल, तर ते आधी कळणे हाही आपला हक्क आहे. शिकाऊ असणे हा दोष नाही. ज्याच्या पाठीशी चांगला पर्यवेक्षक आहे असा विद्यार्थी, वर्षानुवर्षे कुणाशीच न बोलता एकट्याने काम करणाऱ्यापेक्षा अधिक सुरक्षित असू शकतो. ‘मी कुणालाच विचारत नाही, मला गरज पडत नाही’ असे उत्तर मिळाले, तर मात्र सावध व्हावे.

महाविद्यालये आणि संस्थांसाठी पहिले पाऊल छोटे आहे. आठवड्याचा तो एक तास पवित्र मानायचा. मीटिंग, शिबिर, तपासणी काहीही आले तरी तो रद्द करायचा नाही. ‘आधार दिला’ असे लिहिलेले दिसले, की दरवेळी विचारायचे: म्हणजे नेमके काय केले? या एका प्रश्नाने अहवाल बदलतात, हळूहळू विद्यार्थी बदलतात आणि माणहून आलेल्या त्या बाईला, ती जे बोलली नाही, तेही विचारले जाते.

(स्वतःला किंवा जवळच्या कुणाला मानसिक त्रास होत असेल तर ‘टेलि-मानस’च्या १४४१६ या मोफत क्रमांकावर दिवसरात्र मदत मिळते. अडचणीतील मुलांसाठी १०९८ हा क्रमांक आहे.)